शरदातले ग्रह, २०२६ : एक संध्याकाळ आणि एक पहाट

यंदाच्या शरदात संध्याकाळी निवांत पाहण्यासारखा शनी एकटाच आहे. गुरू, मंगळ, शुक्र, बुध सगळे नोव्हेंबरच्या पहाटेला. तेव्हा दुर्बिणीच्या आधी गजराची सोय करा.

सर्वपित्री अमावास्या १० ऑक्टोबरला आहे. तिच्या आगेमागे चार-पाच रात्री शनीसाठी धरा. परतीच्या पावसाचे ढग संध्याकाळी दाटले तरी लगेच आवरू नका, ते बऱ्याचदा रात्री उशिरा विरतात. दिवाळीची अमावास्या कागदावर उत्तम, पण फटाक्यांच्या धुरात क्षितिजालगतचं काही दिसत नाही. त्यामुळे १४ ते २० नोव्हेंबरच्या पहाटा राखून ठेवा. तेव्हा चंद्रही पहाटेआधी मावळलेला असेल.

जागा दिवसाउजेडी पाहून या. हात ताठ धरून मूठ आडवी धरली की सुमारे १० अंश होतात. पूर्वेची झाडं-इमारती मुठीच्या वर येत असतील, तर बुध विसरा. घाटमाथ्यावर जात असाल तर उघडा कातळ निवडा. ऑक्टोबरात गवत गुडघ्याच्या वर असतं आणि त्यात साप असतात; बूट आणि काठी हवीच.

सामानात ७×५० किंवा १०×५० (७ किंवा १० पट वर्धन, ५० मिमीचं भिंग) द्विनेत्री, म्हणजे दोन डोळ्यांची दुर्बीण, चटई, लाल जिलेटिन लावलेला टॉर्च आणि दोन कोरडे सुती रुमाल. डोळ्यांना अंधार सरावायला २०-३० मिनिटं लागतात. मोबाइलच्या पांढऱ्या उजेडात एकदा पाहिलं की पहिल्यापासून सुरुवात. नकाशाचं अ‍ॅप घरीच रात्रीच्या लाल मोडवर टाका. पहाटे भिंगांवर दव धरतं. ते पुसलं तर धुळीचे ओरखडे उठतात, म्हणून वापरात नसताना भिंगं रुमालाने झाकून ठेवा. दूरदर्शी (टेलिस्कोप) नेणार असाल तर अर्धा तास आधी उघड्यावर ठेवा, नळीतली गरम हवा निवेपर्यंत प्रतिमा थरथरते.

शनीसाठी भाद्रपदांचा चौकोन, म्हणजे पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन शोधा. उत्तराभाद्रपदांचे (पूर्वेकडच्या बाजूचे) दोन तारे जोडणारी रेघ दक्षिणेकडे तेवढीच वाढवली की जरा पूर्वेला पिवळसर, स्थिर ठिपका दिसेल. ४ ऑक्टोबरला तो प्रतियुतीत, म्हणजे सूर्य मावळताना उगवणारा. दक्षिणेला खाली एकटा चमकणारा तारा म्हणजे मीनास्य. नवखे त्यालाच शनी समजतात. द्विनेत्रीतून कडी दिसत नाहीत, निदान २५ पट वर्धन हवं. मार्च २०२५मध्ये ती आपल्याला धारेवर, म्हणजे कडेकडून बारीक रेघेसारखी दिसत होती, आता कुठे उघडू लागली आहेत.

ग्रह लुकलुकत नाहीत हे खरं, पण डोक्यावर असताना. क्षितिजालगत जाड हवेतून शुक्रही रंग बदलत फडफडतो. तिथे या खुणेवर विसंबू नका.

१६ नोव्हेंबरची पहाट चुकवू नका. पाच वाजता मघेजवळ गुरू आणि मंगळ करंगळीच्या रुंदीएवढ्या अंतरावर: मोठा पांढरा गुरू, लालसर आणि बराच मंद तो मंगळ. कोपर गुडघ्यावर टेकवून द्विनेत्री धरा, नाहीतर गुरूचे उपग्रह रेघा होऊन नाचतात. पूर्वेला शुक्र चित्रेच्या आसपास, तो शोधावा लागत नाही. बुधासाठी २० नोव्हेंबरच्या सुमारास पहाटे पावणेसहाला शुक्राच्या बरंच खाली, उजाडत्या पट्ट्याच्या वर पाहा. सहा-सव्वासहाला द्विनेत्री पिशवीत गेलीच पाहिजे. सूर्य चुकून भिंगात आला तर डोळा कायमचा जातो.