आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझेशनचा धंदा सुरू करताय? या चुका टाळा

आर्किटेक्चरल व्हिज्युअलायझेशन म्हणजे न बांधलेल्या इमारतीचं थ्रीडी मॉडेल करून खरी वाटणारी चित्रं काढणं. थ्रीडी शिकून या कामाचा स्वतःचा स्टुडिओ थाटलेली मंडळी अडचणीत आली की सल्ला मागायला येतात, आणि गाऱ्हाणं जवळपास एकच असतं: करेक्शन संपत नाहीत आणि पैसे निघत नाहीत. सोबत दाखवलेलं रेंडर (मॉडेलवरून कॉम्प्युटरने काढलेलं चित्र) बहुतेक वेळा छान असतं. घोळ झालेला असतो तो कामाच्या पहिल्या दोन दिवसांत, आणि तेवढंच नेमकं कुणी शिकवत नाही.

धंद्यात वाव आहे, त्याबद्दल वाद नाही. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे. एपिक गेम्सने २०१९ मध्ये विकत घेतलेलं ट्विनमोशन हे रेंडरचं सॉफ्टवेअर आता वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना फुकट मिळतं. पॉली हेवन या वेबसाइटवर टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रं) आणि एचडीआरआय (मॉडेलवर उजेड पाडायला वापरायची परिसराची चित्रं) सीसी-झिरो, म्हणजे कुणीही कशालाही वापरावं अशा परवान्यात पडलेत. म्हणजे मुख्य खर्च उरला तो एका दणकट कॉम्प्युटरचा. पण हे दार सगळ्यांसाठीच उघडलंय. सुंदर चित्र काढणारे ढिगाने झालेत. ‘सेक्शनमध्ये हा बीम खिडकीच्या डोक्यावरून खाली येतोय, मग एलिव्हेशनला खिडकी एवढी उंच कशी?’ (सेक्शन म्हणजे इमारतीचा उभा छेद, एलिव्हेशन म्हणजे समोरून दिसणारी बाजू) असं विचारणारा मात्र सहसा सापडत नाही, आणि असा एकदा सापडला की आर्किटेक्ट त्याला सोडत नाही.

‘तुम्ही सुरुवात तर करा, ड्रॉइंग पाठवतो’

हे वाक्य ऐकून जो मॉडेलिंगला बसतो, त्याच्या वर्षाच्या हिशेबात भोक पडलेलंच असतं.

ओळखीतल्या एका मुलाला चार मजली रहिवासी इमारतीचं काम मिळालं होतं. बाहेरून दोन व्ह्यू, बस. प्लॅन पक्के होते, एलिव्हेशन ‘जवळपास पक्कं’ होतं. पठ्ठ्या उत्साही. संध्याकाळचं आकाश, ओला रस्ता, बाल्कनीत कुंड्या, खिडक्यांतून पिवळा उजेड, असं सगळं करून त्याने पहिलंच चित्र थेट फायनल दर्जाचं पाठवलं. त्याला वाटलं, क्लायंट बघतच राहील. क्लायंटने बघितलं आणि म्हणाला, जिन्याची खिडकी विचित्र दिसतेय, जरा वर घ्या. मग लोखंडी रेलिंगच्या जागी काच आली. मग आर्किटेक्टनेच मजल्याची उंची वाढवली, म्हणजे खालपासून वरपर्यंत सगळंच हललं. फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन ओके’ अशी रांग लागली. दोन व्ह्यूंच्या पैशांत तीन इमारतींचं काम झालं. शेवटी परवानगीच्या भानगडीत तो प्रकल्पच थांबला आणि उरलेली रक्कम ‘काम सुरू झालं की देतो’ या आश्वासनावर लटकली.

त्याच्या मते क्लायंट नालायक होता. मला तसं वाटत नाही. त्या माणसाने स्वतःची इमारत आयुष्यात पहिल्यांदा बघितली ती त्या रेंडरमध्ये. प्लॅन वाचता येणारे क्लायंट थोडे, आणि चित्र बघूनच त्यांना कळतं की आपल्याला काय नको आहे. हे होणारच. प्रश्न एवढाच की ते तुमचं काम पाच टक्के झाल्यावर व्हावं की पंच्याण्णव टक्के.

माझी सवय सांगतो. पहिलं चित्र पाठवतो ते राखाडी. रंग नाही, झाड नाही, गाडी नाही, माणूस नाही. फक्त आकार, सावल्या आणि पक्का कॅमेरा. सोबत एक ओळ: ‘अंतिम चित्र याच चौकटीत होईल.’ त्यावर ईमेलने होकार आला तरच पुढे. फोनवरचा ‘हो हो, मस्त’ मी धरत नाही. नवशिके म्हणतात, राखाडी चित्र बघून क्लायंटचा हिरमोड होतो. होऊ दे की! सोफा दिसला की माणूस सोफ्याच्या रंगावर अर्धा तास बोलतो आणि खिडकी राहून जाते. राखाडीत खिडकीच दिसते.

दुसरी सवय कोटेशनमधली. ‘ड्रॉइंग क्रमांक अमुक, सुधारणा अमुक, तारीख अमुक, यावरून काम केलं जाईल’ हे वाक्य मी कधीच गाळत नाही. त्यामुळे करेक्शन आणि बदल वेगळे ठरतात. ड्रॉइंगप्रमाणे माझं मॉडेल नसेल तर ते करेक्शन: कितीही वेळा, फुकट. ड्रॉइंगच बदललं तर तो बदल, त्याचे पैसे. ‘तीन करेक्शन फुकट’ ही पद्धत मला पटत नाही, कारण तिसरं कधी संपलं यावरच भांडण होतं.

आणि पैसे टप्प्यावर घ्या, प्रकल्पाच्या नशिबावर सोडू नका. निम्मी रक्कम आल्याशिवाय मी फाइल उघडत नाही. उरलेली येईपर्यंत चित्र लहान आकारात आणि वॉटरमार्कसह जातं. उद्धटपणा वाटतो? ज्यांना वाटतो ते क्लायंट जाऊ द्या.

मॉडेल थरथरतंय म्हणून ग्राफिक्स कार्ड बदलू नका

हा माझा दुसरा लाडका विषय. लक्षणं अशी: कॅमेरा फिरवला की भिंतींच्या कडा थरथरतात, खिडक्यांच्या चौकटी भिंतीत आतबाहेर होतात, सावल्यांना दातरे पडतात. एका स्टुडिओने यावर उपाय म्हणून नवं महागडं कार्ड आणलं. थरथर तशीच. मग ड्रायव्हर बदलले, मग सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. मॉडेल कुठे बसलंय हे कुणीही बघितलं नव्हतं.

सर्व्हेअरकडून आलेला साइट प्लॅन बऱ्याचदा खऱ्या भौगोलिक निर्देशांकांवर असतो. यूटीएम या नकाशांच्या पद्धतीत पृथ्वीच्या प्रत्येक उभ्या पट्ट्याच्या (झोनच्या) मध्यरेषेलाच ५,००,००० मीटर हा आकडा दिलेला असतो, म्हणजे इमारत शून्यापासून आडवी काही लाख मीटर आणि उभी त्याहून कितीतरी लांब जाऊन बसते. थ्रीडी सॉफ्टवेअर आणि ग्राफिक्स कार्ड बहुतेक हिशेब ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (दशांश आकडे साठवायच्या पद्धतीत) करतात. त्यात साधारण सातच अंक भरवशाचे. पाच लाख मीटरवर दोन शेजारच्या बिंदूंमधलं सर्वांत लहान अंतर सुमारे ३ सेंटीमीटर होतं, वीस लाख मीटरवर १२.५ सेंटीमीटर. पाच सेंटीमीटरची चौकट तिथे धड उभी कशी राहणार? आर्किटेक्टचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर ऑटोकॅड मात्र ६४ बिटांत हिशेब ठेवतं, म्हणून आर्किटेक्ट छातीठोकपणे सांगतो, ‘आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय.’ तो खोटं बोलत नसतो.

उपाय दोन मिनिटांचा आहे. कॅडमध्येच, इम्पोर्ट करण्याआधी, ग्रिडवरचा एखादा कॉलम धरा आणि सगळं ड्रॉइंग उचलून तो बिंदू शून्यावर आणा. किती सरकवलं तो आकडा टेक्स्ट फाइलमध्ये लिहून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवा. महिन्याभराने शेजारचा रस्ता किंवा ड्रोनने केलेलं जागेचं मॉडेल येतं, तेव्हा तो आकडा शोधायला लागतो. त्याच वेळी झूम एक्स्टेंट्स (सगळं ड्रॉइंग पडद्यावर मावेल असा झूम) करून बघा. इमारत ठिपक्याएवढी झाली तर कुठेतरी मैलभर लांब एखादी अनाथ रेघ पडलीय, ती उडवा.

आणि सर्वांत आधी एक दार मोजा. दोन-सव्वादोन मीटरच्या आसपास आलं तर पुढे चला. ५३ मीटर आलं तर इंच आणि मिलिमीटरचा घोटाळा आहे, २५.४ ने भागा. चुकीच्या मापात सूर्याचा आणि दिव्यांचा उजेडही चुकतो, आणि मग मंडळी दिव्याची तीव्रता वाढवत बसतात.

वॉकथ्रूचा दर कागदावर मांडून बघा

एका मिनिटाचा वॉकथ्रू (इमारतीतून फिरवून आणणारा व्हिडिओ), सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १५०० फ्रेम. एका फ्रेमला दहा मिनिटं लागली तर २५० तास, दहा दिवसांहून जास्त, आणि तेही एकही फ्रेम न बिघडता. एवढं गणित न करता लोक ‘आठवड्यात देतो’ म्हणून मोकळे होतात. मग नमुने (प्रत्येक पिक्सेलसाठी मोजायचे प्रकाशकिरण) कमी करून सगळा भार डीनॉइझरवर, म्हणजे चित्रातले दाणे पुसणाऱ्या साधनावर, टाकतात. स्थिर चित्रात ते खपून जातं, पण फ्रेमला फ्रेम लागली की झाडांची पानं उकळल्यासारखी दिसतात. मुदत कमी असेल तर अनरियल किंवा ट्विनमोशनसारखं रिअल-टाइम, म्हणजे चित्र तत्काळ काढणारं, सॉफ्टवेअर वापरा आणि दर्जातला फरक क्लायंटला आधीच दाखवा. रात्री रेंडर लावण्याआधी दर पन्नासावी फ्रेम काढून बघायची. हे टाळणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

खोलीचा हॉल करू नका

१४ मिलिमीटरची लेन्स लावली की दहा बाय बाराची खोली मैदान होते. घेणारा ताबा घ्यायला येतो तेव्हा त्याला ते चित्र आठवतं, आणि बिल्डर बोट तुमच्याकडे करतो. आतल्या व्ह्यूला मी २४ च्या खाली जात नाही. जागा कमी पडली तर कॅमेरा भिंतीबाहेर नेऊन क्लिपिंग लावतो, म्हणजे मधली भिंत चित्रात येत नाही. उंची दीड मीटरच्या आसपास, उभ्या रेघा उभ्याच.

उत्तरेचा बाणही बघा. कर्कवृत्ताच्या उत्तरेला भर दुपारचा सूर्य दक्षिणेलाच असतो, मकरवृत्ताच्या दक्षिणेला उलट. कर्कवृत्ताच्या वरच्या घरात उत्तरेच्या बेडरूममध्ये भर दुपारचं सोनेरी ऊन दाखवलंत तर आर्किटेक्टला ते पहिल्या नजरेत कळतं.

बाकीच्या, थोडक्यात

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा विद्यार्थी परवाना पैशाच्या कामाला वापरू नका. ब्लेंडर असताना याला काही सबबच नाही.

विकत घेतलेल्या मॉडेलचा परवाना वाचा. ‘एडिटोरियल’ (फक्त बातमी-लेखांपुरता) असेल तर जाहिरातीत चालत नाही.

८के, म्हणजे कडेला सुमारे आठ हजार पिक्सेलचं, टेक्स्चर डिस्कवर लहान दिसतं, पण मेमरीत उघडल्यावर एकटंच सुमारे २५६ एमबी खातं. लांबच्या कुंडीला ते कशाला?

छपाई किती मोठी, हे आधी विचारा. ए-३ ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल लागतात. होर्डिंग लांबून बघतात, त्याला ३०० डीपीआयचा हट्ट नको.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. पेनड्राइव्हला बॅकअप म्हणू नका.

सगळं काम एकाच बिल्डरकडून येत असेल तर तुमचा धंदा नाही, बिनपगारी नोकरी आहे. फर्निचर बनवणारे, इंटिरियरवाले, स्पर्धेसाठी चित्रं लागणारे आर्किटेक्ट, यांच्याकडे छोटी कामं असतात, पण पैसे लवकर येतात.

एआयने मूड दाखवायला हरकत नाही, मीही दाखवतो. पण एलिव्हेशनला पाच खिडक्या आणि चित्रात सहा, हा प्रकार फायनलमध्ये चालवून घेणारा आर्किटेक्ट मला अजून भेटलेला नाही.

राहता राहिला पोर्टफोलिओ. ट्यूटोरियलमधली ती लाकडी केबिन आणि ते धुकं आता सगळे ओळखतात. त्यापेक्षा बार्सिलोना पॅव्हिलियन करा. मीस व्हॅन डर रोहचं १९२९ चं काम, पुढच्याच वर्षी पाडलेलं आणि १९८६ पर्यंत त्याच जागी पुन्हा उभारलेलं. हेही हजारोंनी केलंय, मान्य. पण त्याचे प्लॅन मिळतात, फोटो मिळतात, म्हणजे तुमचा संगमरवर आणि तुमच्या सावल्या खऱ्याशेजारी ठेवून तपासता येतात. उताविळांना हे कंटाळवाणं वाटतं. फोटो, त्याच जागेवरचं राखाडी मॉडेल आणि शेवटचं रेंडर, तिन्ही एका पानावर लावा. आर्किटेक्ट त्या पानावर थांबतात आणि बहुधा राखाडी चित्राबद्दलच विचारतात.