वस्तीत पैशांचे धडे द्यायला जाताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या कार्यशाळेचा फोटो अजून फोनमध्ये आहे. पूर्व नागपुरातलं एक समाजभवन, वर टिनाचं छत, समोर चाळीसेक बाया आणि भिंतीवर प्रोजेक्टरने पाडलेलं एक रंगीत चक्र: पन्नास टक्के गरजा, तीस टक्के हौस, वीस टक्के बचत. फोटोत सगळ्या जणी लक्ष देऊन ऐकताना दिसतात. चहाच्या वेळी मागच्या रांगेतल्या एका मावशींनी विचारलं, "ताई, हे वीस टक्के कायचे? मले तं रोजचे पैसे रोज भेटते. ज्या दिवशी काम नाही, त्या दिवशी कायचे वीस टक्के काढू?"

मी काहीतरी गोल गोल बोलले आणि चहाचा कप उचलला. पुढे बचत गट, घरकाम करणाऱ्या बाया, बांधकामावरचे मजूर, भाजीवाले यांच्यासोबत बऱ्याच कार्यशाळा घेतल्या आणि चुकाही बऱ्याच केल्या. त्यातल्या ज्या नव्या माणसाकडून हमखास होतात, त्या इथे लिहिते.

पगारदाराचं बजेट रोजंदारीवाल्याला शिकवणं

महिन्याचं बजेट हे महिन्याला पगार होणाऱ्याचं हत्यार आहे. रोजंदारीच्या घराला महिना नसतो, हंगाम असतो. म्हणून आता मी चक्र नेत नाही, बारा महिन्यांचा कोरा तक्ता नेते आणि बायांनाच भरायला लावते: कोणत्या महिन्यात काम भरपूर, कोणत्यात हात रिकामा, कोणत्यात खर्च अंगावर येतो.

नागपूरचा तक्ता दर वेळी जवळपास सारखाच भरला जातो. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो, बांधकामाची दुपार बंद पडते आणि नेमका तेव्हाच कुलर चढतो, त्याला नवा वाळा लागतो, विजेचं बिल फुगतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे वह्या, गणवेश, ऑटोवाल्याचे पैसे हे सगळं अशा वेळी, जेव्हा घर आधीच दोन महिने कोरडं गेलेलं असतं. पाठोपाठ पोळा, गणपती, दिवाळी. हा तक्ता भिंतीवर लागला की "तुम्ही बचत का करत नाही" हा आगाऊ प्रश्न तोंडातून निघतच नाही. "जूनसाठी फेब्रुवारीतच काय बाजूला पडेल" हा प्रश्न निघतो.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्याच शेजारणीनं दिलं. टक्के सोडा, कामावर गेलं त्या दिवशी वीस रुपये डब्यात. नाही गेलं त्या दिवशी शून्य, आणि त्याची लाज नाही. शनिवारी डबा खात्यात. अशा बाईला थेट पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायचं खातं, उघडून देऊ नका. ती महिना १०० रुपयांपासून उघडते हे खरं, पण चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं, आणि मे-जूनमध्ये ते चुकणारच. आधी साधं बचत खातं चालू राहू द्या.

सगळ्यांसमोर हात वर करायला लावणं

"तुमच्यापैकी कर्ज कोणाकोणावर आहे?" असं एकदा मी भर सभेत विचारलं. एकही हात वर आला नाही. संपल्यावर पाच जणी एकेक करून बाहेर येऊन बोलल्या. त्यातल्या एकीनं सांगितलं, "माही जाऊ बाजूलेच बसून होती नं."

वस्तीतली कार्यशाळा म्हणजे अनोळखी लोकांची सभा नव्हे. तिथे जाऊ असते, सासू असते, जिच्याकडून उसने घेतले ती असते आणि जिला दिले तीही असते. आता मी दोन स्टीलचे डबे, तूर आणि हरभरा घेऊन जाते. पडद्याआड जायचं; सावकाराचं किंवा रोजवसुलीचं कर्ज असेल तर डब्यात हरभरा, नसेल तर तूर. मग सगळ्यांसमोर डबा उपडा करायचा. एकदा बत्तीस दाण्यांत एकोणीस हरभरे निघाले. खोलीत आधी शांतता पसरली, मग एक जण हसली, मग सगळ्याच हसल्या. त्यानंतर दोन तास कोणाला बोलतं करावं लागलं नाही.

सावकाराला शिव्या घालून मोकळं होणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण ती करताना आपल्याला आपण फार चांगले वाटतो. "सावकाराकडून घेऊ नका" हे सांगायला कार्यशाळा लागत नाही. तो लुटतो हे तिला माहीत आहे. पण तो दाराशी येतो, रात्री नऊलाही पैसे देतो आणि फॉर्म भरायला लावत नाही. बँक यातलं काहीच करत नाही.

म्हणून तिचंच कर्ज फळ्यावर मांडा. रोजवसुलीचा नेहमीचा प्रकार असा: दहा हजार म्हणायचे, हातात नऊ हजार द्यायचे, मग शंभर दिवस रोज शंभर रुपये. बायांचा हिशोब असतो, "हजारच तं जास्त गेले, दहा टक्के." इथे थांबा आणि विचारा: नऊ हजार तुमच्याकडे किती दिवस होते? दुसऱ्या दिवसापासून ते परत जायला लागतात. सरासरी काढली तर त्या शंभर दिवसांत तिच्या वापरात जेमतेम साडेचार हजार होते आणि त्यावर व्याज गेलं हजार. वर्षाच्या हिशोबाने हा दर पाऊणशे टक्क्यांच्या पुढे जातो.

आता शेजारी बचत गटाचं कर्ज मांडा. बऱ्याच गटांत व्याज महिन्याला शेकडा दोन असतं. दहा हजार चार महिन्यांत, अडीच हजारांच्या हप्त्यांनी फेडले तर व्याज २००, १५०, १०० आणि ५०, एकूण ५०० रुपये. आणि हातात नऊ नाही, पूर्ण दहा हजार आले होते. दोन्ही हिशोब एकाच फळ्यावर राहू द्या, पुसू नका. बाया जाताना त्याचा फोटो काढतात.

छोट्या कर्जाच्या कंपन्यांचंही असंच आहे. "बारा टक्के फ्लॅट" ऐकायला स्वस्त वाटतं. १२,००० रुपये वर्षभरासाठी, व्याज १,४४०, हप्ता १,१२०. मुद्दल दर महिन्याला कमी होतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण बारा हजारांवर लागतं. खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्ज देताना बँकेने किंवा कंपनीने सगळे खर्च धरून वार्षिक दर दाखवणारं माहितीपत्रक, कर्जदाराला कळेल अशा भाषेत, द्यायलाच हवं. ते मागायचं कसं, याचा सराव करून घ्या. एक जण एजंट, एक जण ग्राहक. या नाटकात आमच्या बाया एजंटचं काम फार रंगवून करतात.

आणि खासगी सावकाराला महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना लागतो, हे सांगाच. बऱ्याच जणींना हे पहिल्यांदाच कळतं.

योजनांचा पाऊस पाडणं

एका दुपारी अकरा योजना सांगणारा वक्ता मी ऐकलाय. घरी जाताना बायांना त्यातली एकही धड आठवत नव्हती. दोनच घ्या, पण तळापर्यंत जा.

मी बहुतेक वेळा केंद्र सरकारच्या विम्याच्या दोन घेते. जीवन ज्योती: वर्षाला ४३६ रुपये, वय १८ ते ५०, मृत्यूनंतर दोन लाख. सुरक्षा विमा: वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाताचे दोन लाख. माहिती एवढीच. गोम पुढे आहे: हे पैसे मे अखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात आणि विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे चालतं. वरचा तक्ता आठवा. मे म्हणजे हात सगळ्यात रिकामा असण्याचा महिना. खात्यात ४५६ रुपये नसले की विमा बंद पडतो, आणि हे घरच्यांना कळतं ते माणूस गेल्यावर, बँकेच्या काउंटरवर. त्यामुळे फॉर्म भरून घेण्यापेक्षा मे च्या पहिल्या आठवड्यात गटाच्या व्हॉट्सअपवर एक निरोप टाकणं जास्त कामाचं.

दुसरं, दोन बँकांत खाती असलेल्या बाईनं दोन्हीकडे फॉर्म भरलेला असतो. हप्ते दोनदा कापले गेले तरी भरपाई एकदाच मिळते.

पासबुक न उघडता बँकेबद्दल बोलणं

पुढच्या वेळी येताना पासबुक आणा, म्हणा. त्या वाचनातून जे निघतं ते कोणत्याच स्लाइडवर नसतं. लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा एक ताई आमच्याकडे रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "साऱ्यायचे आले, माहेच नाही आले." पैसे आले होते. ते आधारशी जोडलेल्या खात्यात जातात आणि त्यांचं आधार जोडलेलं होतं दुसऱ्याच बँकेतल्या, कधीकाळी उघडून विसरलेल्या खात्याशी. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहिल्यावर पाच मिनिटांत उलगडलं.

बाकी नेहमीच्या अडचणी:

- दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून खातं निष्क्रिय. केवायसी पुन्हा दिली की चालू होतं आणि त्यासाठी बँक पैसे घेऊ शकत नाही.
- नाव आधारवर माहेरचं, पासबुकात सासरचं.
- खात्याला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा, नाहीतर चार वर्षांपूर्वी बंद पडलेला.
- वारसाचं नावच नाही, किंवा आहे ते वारलेल्या सासऱ्यांचं.

हे सुटतं ते शाखेत जाऊन. एकटीला पाठवलं तर "उद्या या" ऐकून परत येते. चार-पाच जणी मिळून न्या, आणि महिन्याचा पहिला आठवडा टाळा. तेव्हा पेन्शनवाल्यांची रांग असते.

पासबुकांच्या गठ्ठ्यात पतसंस्थेची पुस्तिकाही निघते. तिलाही सगळे "बँक"च म्हणतात. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. एवढंच सांगा. कोणाच्या पतसंस्थेबद्दल मत देत बसू नका, संचालक त्याच वस्तीतले असतात.

पाहुणा वक्ता न तपासणं

एकदा आम्ही "तज्ज्ञ" म्हणून ज्यांना बोलावलं, ते चहानंतर बॅगेतून विम्याचे फॉर्म काढून बसले. आमच्या मंचावरून बोललेला माणूस म्हणून दोघींनी सह्या केल्या. एकीचा वर्षाचा हप्ता तिच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढा होता. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत परत करता येते हे माहीत होतं म्हणून तिची सुटका झाली. दुसरीनं आम्हाला सांगितलंच उशिरा. तेव्हापासून वक्त्याला आधीच बजावते: विक्री नाही, कार्ड वाटणं नाही, नंबर गोळा करणं नाही.

"ओटीपी देऊ नका" म्हणून मोबाइल बाजूला ठेवणं

ओटीपी देऊ नये हे आता शाळकरी पोरालाही पाठ आहे, तरी पैसे जातातच. कारण फसवणारा ओटीपी मागत नाही, "पैसे पाठवतोय, पिन टाका" म्हणतो. एकच गोष्ट हातानं करून दाखवा: एकमेकींना एक रुपया पाठवा आणि पिन कोणाला टाकावा लागला ते पाहा. पाठवणारीला. घेणारीला कधीच नाही. मग प्रत्येकीच्या फोनमध्ये १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर तिथल्या तिथे साठवून घ्या. घरी जाऊन करते म्हटलेलं होत नाही.

वेळ आपल्या सोयीची ठेवणं

निधी ३१ मार्चपर्यंत खर्च करायचा असतो, म्हणून निम्म्या कार्यशाळा मार्चच्या दुपारी टिनाखाली होतात. शक्य असेल तर दिवाळी ते फेब्रुवारी. नळाची वेळ आधी विचारा.

एकदाच जाणं

दुसऱ्या भेटीशिवाय पहिली घेऊ नका. दुसऱ्या भेटीत "काय केलं?" असं विचारलं की सगळ्या गप्प बसतात, "कुठं अडलं?" विचारा. एका गटात सात जणींनी खातं चालू करायचं ठरवलं होतं. दोघींचं झालं. तिघींना बँकेनं परत पाठवलं होतं, एकीचं आधार मुलानं मोबाइलच्या दुकानात विसरलं होतं. सातवी गप्प बसून होती. सगळ्या उठल्यावर तिनं पदराखालून पासबुक काढून माझ्यासमोर धरलं: "ताई, तुमच्याकडंच ठेवा. घरी दिसलं तं काढाले लावते."

हे पासबुक घ्यावंसं वाटतं. घेऊ नका. पासबुक नाही, कार्ड नाही, पिन तर मुळीच नाही. उद्या शंभर रुपये इकडचे तिकडे झाले तर तिचा विश्वास जाईल आणि वस्तीचं दारही बंद होईल. आम्ही दोघी पायरीवर बसून कोण कोण आहे ते मोजत राहिलो. शेवटी ते गेलं तिच्या बहिणीकडे, तांदळाच्या कोठीत. महिन्यातून एकदा ती बहिणीकडे जाते तेव्हा एन्ट्री करून आणते.