वेचणीच्या हंगामात लहान लेकराचे खाणे कसे सांभाळावे

विदर्भाच्या कापूसपट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली, की घराचा सगळा दिवस शेताच्या हिशोबाने चालतो. आई पहाटे चूल पेटवून, सर्वांच्या भाकरी थापून निघते आणि दिवस मावळताना परतते. मधल्या आठ-नऊ तासांत सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराने काय खाल्ले, हे पुष्कळदा घरात कोणालाच नीट सांगता येत नाही. कोठीत ज्वारी आणि तुरीची डाळ असूनही मूल वाळते, त्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून काय भरवायचे याच्या आधी कोणी भरवायचे, हे हंगामाच्या तोंडावरच ठरवावे.

ही जबाबदारी एकाच माणसाकडे नाव घेऊन सोपवावी, कारण ‘घरी सगळेच आहेत’ असे म्हटले की पाहणारे कोणीच नसते. बहुधा ती आजीकडे जाते आणि ते योग्यच आहे. मात्र तिला दिसत कमी असेल किंवा तिचे गुडघे धरले असतील, तर शेजारच्या घराशी बोलून दिवस वाटून घ्यावेत. मोठ्या बहिणीची शाळा बुडवणे हा सर्वांत सोपा मार्ग वाटतो, पण एका लेकरासाठी दुसऱ्याचे वर्ष बुडते, तेव्हा तो धरूच नये. रात्रीचे जेवण वडिलांनी भरवावे. दिवसभर राबलेल्या आईला तेवढी उसंत मिळते आणि मूलही बापाच्या हातचे खायला शिकते.

लहान मुलाचे पोट लहान असते, त्यामुळे मोठ्यांसारखे दोन वेळा जेवून त्याचे भागत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाबरोबर दिवसातून 2 ते 3 वेळा, तर नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत 3 ते 4 वेळा जेवण द्यावे आणि मध्ये एक-दोनदा काही खायला द्यावे. वरणाचे नुसते पाणी पाजण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडावी. त्याने पोट भरते, अंगी काही लागत नाही. अन्न इतके घट्ट असावे, की चमचा तिरका केला तरी ते लगेच ओघळू नये.

शेतावर जाणाऱ्या घरासाठी भरड सर्वांत सोयीची. तीन वाट्या ज्वारी किंवा तांदूळ आणि एक वाटी मूगडाळ निवडून, वेगवेगळी खमंग भाजून, एकत्र बारीक दळावी आणि कोरड्या डब्यात आठ दिवसांपुरतीच ठेवावी. दर वेळी लागेल तेवढी ताजी शिजवून वरून चमचाभर तेल किंवा तूप घालावे; सावलीत वाळवलेल्या मुनग्याच्या (शेवग्याच्या) पानांची पूड घरात असेल, तर तीही चिमूटभर टाकावी. शेंगदाणे द्यायचे ते कुटूनच, कारण अख्खा दाणा किंवा फुटाणा लहानग्याच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. वेचणीच्या याच दिवसांत आंबिया बहाराची संत्री येतात. बाजारात मोल नाही म्हणून बाजूला काढलेली लहान फळेही मुलांसाठी तितकीच चांगली, कारण त्यांतील क जीवनसत्त्वामुळे धान्य-भाजीतील लोह अंगी लागते. चहा नेमके उलट करतो, म्हणून चहात बुडवलेले बिस्कीट हा मुलाचा नाश्ता मानू नये.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला केवळ आईचे दूध हवे, तेव्हा शक्य असल्यास त्याला सोबत नेऊन बांधावरच्या सावलीत झोळी बांधावी. मात्र फवारणी झालेल्या किंवा चालू असलेल्या वावराजवळ मुळीच नाही. घरी ठेवावेच लागले, तर हात धुऊन उकळलेल्या भांड्यात दूध काढावे, झाकून गार जागी ठेवावे आणि चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजावे, बाटलीने नाही. परतल्यावर आईने हातपाय धुऊन, लुगडे बदलून मगच बाळाला जवळ घ्यावे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, हे विसरता येत नाही. औषधाचे डबे घरात ठेवू नयेत आणि रिकाम्या डब्यात पाणीही भरू नये.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलासाठी मिळणारा शिधा घरच्या सगळ्यांत वाटला जातो; तो त्या मुलाचाच वाटा समजून वेगळा ठेवावा. हंगामातही दरमहा वजन चुकवू नये, आई नसेल तर आजीने न्यावे. सेविकेकडील पट्टीने दंडाचा घेर मोजून घ्यावा: सहा महिने ते पाच वर्षे वयात तो 12.5 सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे मूल कुपोषित आणि 11.5 पेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषित. तसे आढळल्यास किंवा दोन्ही पायांवर सूज दिसल्यास मजुरीचा दिवस बुडवून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

हगवण लागली तरी खाणे बंद करू नये. जलसंजीवनी द्यावी, झिंकच्या गोळ्या सांगितलेले सर्व दिवस पूर्ण कराव्यात, अंगावरचे पाजणे चालू ठेवावे आणि बरे झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण वाढवावे.