लहान लेकराला घेऊन नागपूरचं रमण विज्ञान केंद्र कसं बघायचं (गावाकडून जाणाऱ्यांसाठी)

आमचं गाव आर्वी तालुक्यात, नागपूर एसटीनं अडीच-तीन तास. मागच्या दोन वर्षात लेकीला घेऊन तीन वेळा जाऊन आलो, आता ती साडेपाच वर्षाची आहे. पहिली ट्रिप पार फसली, कारण एकाच दिवसात विज्ञान केंद्र, अजब बंगला आणि महाराजबाग असं सगळं उरकायला निघालो होतो, दुपारी दोनला पोरगी रडून रडून झोपली आणि मग तिला खांद्यावर घेऊन आम्हीच सगळं बघत फिरलो. ज्याच्यासाठी गेलो तेच झोपलेलं. म्हणून जे आम्हाला नंतर जमलं ते सविस्तर लिहिते.

आधी एकच जागा ठरवा. वय पाहून ठरवा. चार ते आठ वर्षाच्या लेकराला रमण विज्ञान केंद्र सगळ्यात बरं, कारण तिथं हात लावायला मिळतो, बटन दाबा, चाक फिरवा, दोरी ओढा. सी. व्ही. रमण यांच्या नावानं हे केंद्र १९९२ ला सुरू झालं, तारांगण १९९७ ला आलं, आणि बाहेरच्या बागेत डायनासोरचे मोठमोठे पुतळे आहेत. अजब बंगला म्हणजे सेंट्रल म्युझियम १८६३ चं, खूप जुनं आणि खरंच बघण्यासारखं, पण तिथं बहुतेक वस्तू काचेमागं, तीन-चार वर्षाचं पोट्टं दहा मिनिटात कंटाळतं, त्याला दुसरी-तिसरीत गेल्यावर न्या. आणि लेकराला रेल्वेचं वेड असेल तर मोतीबागचं नॅरोगेज रेल्वे म्युझियम आहे, तिथं खरी जुनी इंजिनं आहेत. सोबत आजोबा असतील तर मी म्हणते तिथंच जा, आमच्या सासऱ्यांनी पुलगाव-आर्वी शकुंतलेत बसून प्रवास केलेला, तीही अडीच फुटी रुळाचीच गाडी, ते तिथं जे सांगत बसले ते कोणत्या पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

दिवस कधीचा धरायचा. मे महिन्यात नकोच, नागपूरचं ऊन लेकराला सोसत नाही आणि बाहेरची बाग तर बघताच येत नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी बरं. पण तेव्हाच कापूस वेचणी असते, घरातलं माणूस वावरातून मोकळं होत नाही, म्हणून आम्ही वेचणीच्या दोन फेऱ्यांच्या मधला दिवस धरतो. डिसेंबरात अधिवेशन असलं की मोर्चे आणि बंद रस्ते असतात, ते दिवस टाळा. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलीही येतात, दुपारी एकदम दोनशे पोरं आत शिरली की लहान लेकराचा नंबरच लागत नाही, त्यामुळे उघडायच्या वेळेलाच गेटवर पाहिजे. आदल्या दिवशी फोन करून वेळ, सुट्टी आणि तारांगणाचा मराठी शो कितीला आहे ते विचारून घ्या, वेळा बदलत असतात.

घरची तयारी, ही सगळ्यात महत्त्वाची. लोक इथंच कमी पडतात असं मला वाटतं. लेकरू तिथं जाऊन पहिल्यांदाच सगळं बघतं तेव्हा नुसतं धावत सुटतं. आठ दिवस आधीपासून थोडं थोडं दाखवा.

स्टीलचा मोठा चमचा द्या हातात. आतल्या बाजूनं हातभर लांब धरून बघितलं की तोंड उलटं दिसतं, मागच्या बाजूनं बारीक पण सरळ दिसतं. अशा केंद्रांत वाकड्या आरशांसमोर लेकरं खूप वेळ रमतात, आणि चमचा आधी बघितलेला असला की ती स्वतःच ओरडतात, आई हा तर चमचाच आहे!

विहिरीवरचं चाक दाखवा. बादली नुसत्या दोरीनं वर ओढायला लावा, मग चाकावरून (हात धरून, कठड्यापासून लांब उभं करून). चाकामुळे दोरी खाली ओढता येते आणि आपलं वजन कामी येतं एवढं कळलं तरी पुष्कळ. विज्ञान केंद्रात दोन-तीन चाकं एकत्र लावलेली असतात, तिथं जोर कमी लागतो पण दोरी तेवढीच जास्त ओढावी लागते, जोर निम्मा तर दोरी दुप्पट. माझ्या लेकीनं हे शब्दात नाही सांगितलं, पण ती म्हणे की दोरी संपतच नाही, म्हणजे तिला बरोबर तेच दिसलं होतं.

तारांगणासाठी रात्री आंगणात खाट टाका आणि लाइट बंद करून बघत पडा. आपल्याकडे गावात अजून आकाश दिसतं, नागपूरच्या लेकरांना तेवढं दिसत नाही. हिवाळ्यात मृग नक्षत्राचे तीन तारे एका रांगेत सहज सापडतात. आणि अंधाराची सवय पण होते, कारण तारांगणात एकदम काळोख होतो, आवाज मोठा असतो, दरवाजा बंद होतो, पहिल्या वेळी आमची घाबरून किंचाळली आणि शो अर्धा सोडून यावं लागलं. दुसऱ्या वेळी आधीच सांगून ठेवलं की आंगणासारखा अंधार होईल आणि मी हात सोडणार नाही. पूर्ण बसली.

जायचं कसं. पहाटेची एसटी धरा. पाच वर्षाखालच्या लेकराचं तिकीट नाही, पाच ते बाराचं अर्धं, बायकांना अर्धं, पंचाहत्तरच्या वरच्यांना फुकट, आधार कार्ड विसरू नका. गणेशपेठ स्टँडवर उतरलं की केंद्र जवळच आहे, गांधीसागर तलावापाशी, ऑटोवाल्याशी आधी भाडं बोलून घ्या.

डब्यात रसभाजी नको. पराठे, मुरमुऱ्याचा चिवडा, उकडलेल्या शेंगा आणि संत्री, आपल्या घरचीच न्या. शिवाय पाण्याच्या दोन बाटल्या, एक जोडी कपडे, ओला रुमाल. लेकराच्या हातावर बॉलपेननं मोबाइल नंबर लिहा आणि निघताना त्याच दिवसाच्या कपड्यातला एक फोटो काढून ठेवा, हरवलं तर कपड्याचा रंग सांगायला घाबरल्यावर आठवत नाही. आत गेल्यागेल्या तिकीट खिडकी दाखवून सांगा, मी दिसली नाही तर इथं येऊन उभी राहा.

आत गेल्यावर. आधी शोचं तिकीट काढा, मग लेकराला पुढं चालू द्या आणि तुम्ही मागं. हे फार अवघड जातं कारण पैसे भरलेत तर सगळं बघून घ्या असं वाटतं, पण एकाच बटनापाशी वीस मिनिट उभं राहिलं तर राहू द्या, ते तिथं काहीतरी करून पाहत असतं. मध्ये मध्ये "काय शिकली सांग" असं विचारू नका. विचारायचंच तर असं विचारा, आता दाबलं नाही तर काय होईल? आपल्याला उत्तर येत नसलं तर माहीत नाही म्हणा आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा, गावाकडून आलो म्हणून लाजायचं काही कारण नाही, आम्हाला एका ताईंनी दोन वेळा करून दाखवलं.

दीड तासानंतर लेकरू चिडचिड करायला लागतं, तेव्हाच डबा खायला बाहेर काढा, रडायची वाट पाहू नका. शोच्या आधी सू करवून आणा. डायनासोर शेवटी ठेवा, ऊन उतरल्यावर, नाहीतर पहिले तेच बघून ते आत यायलाच तयार नसतं. आजी सोबत असेल तर तिला सावलीत बसवून सामान तिच्यापाशी ठेवा, तुमचे दोन्ही हात मोकळे राहतात. तीन-साडेतीनला निघा, राहिलेलं पुढच्या वेळी.

घरी आल्यावर. त्याच रात्री काही विचारू नका, झोपू द्या. दुसऱ्या दिवशी जो घरी राहिला त्याला लेकराकडून सगळं सांगू द्या, मध्ये दुरुस्त करू नका. आमच्याकडे आजोबा मुद्दाम चुकीचं विचारतात, म्हणजे डायनासोर बैलाएवढा होता का गं, मग ती आंगणात पावलं टाकून मोजून दाखवते. तो चमचा मात्र परत भांड्यात टाकू नका, तिच्या खेळण्यातच राहू द्या.