‘रोख’ कसा ओळखावा आणि कसा वापरावा

‘रोख’ हा शब्द मराठीत एवढ्या कामांना जुंपलेला आहे की अर्थ लावण्याआधी त्याला प्रत्यय लावून पाहावा. ‘तो बाजाराच्या रोखाने निघाला’ यात दिशा आहे. ‘त्याने सगळा व्यवहार रोखीने केला’ यात खिशातले पैसे आहेत. दिशेचा रोख पुल्लिंगी चालतो, पैशाचा स्त्रीलिंगी. ‘रोख्याने’ असे रूप आले तर मूळ शब्द ‘रोखा’, म्हणजे कर्जाचा किंवा गुंतवणुकीचा लेखी दस्त. २०१८ साली आलेले आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलेले निवडणूक रोखे याच घरातले.

खरी कसोटी लागते ती ‘बोलण्याचा रोख’ लिहिताना, कारण तेथे पुष्कळ जण ‘हेतू’ लिहून मोकळे होतात. सोसायटीच्या सभेत अध्यक्ष म्हणतात, “काही घरांत नळ रात्रभर ठिबकतो,” आणि म्हणता म्हणता तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाकडे पाहतात. येथे बोलण्याचा रोख त्या बिऱ्हाडाकडे आहे, हे सभेतल्या प्रत्येकाला कळते. मात्र हेतू पाणी वाचवण्याचा आहे की जुना राग काढण्याचा, हे अध्यक्षांनाच ठाऊक. म्हणून जे बाहेरून दिसते किंवा ताडता येते त्याला रोख म्हणावे, आणि मनात असते त्याला हेतू. वाऱ्याला रोख असतो, हेतू नसतो, एवढे आठवले तरी सहसा चूक होत नाही. बोलणे नुसते कोणाला उद्देशून असेल तर ‘रोख त्याच्याकडे होता’ आणि त्यात ठपका असेल तर ‘रोख त्याच्यावर होता’ असे लिहावे. हा भेद सगळेच पाळतात असे नाही, पण पाळल्यास वाक्य नेमके होते. ‘रोखठोक’ मात्र वेगळा ठेवावा, कारण रोखठोक माणूस स्पष्ट बोलतो, कोणाला तरी टोचून बोलतोच असे नव्हे.

क्रियापदाच्या बाबतीत अधिक जपावे. ‘रोखणे’ म्हणजे नेम धरणे आणि ‘रोखणे’ म्हणजे अडवणेही. ‘पोलिसांनी मोर्चा रोखला’ हे स्पष्ट आहे. ‘पोलिसांनी बंदूक रोखली’ एवढ्यावर थांबल्यास वाचक क्षणभर अडखळतो, तेव्हा ‘दरोडेखोरावर बंदूक रोखली’ असे पुरते लिहावे.