मिरवणूक मशिदीवरून जाणार असेल तर

मी भिवंडीत एका लूम कारखान्यात मेहताजी, म्हणजे हिशेबनीस होतो. १९८४ च्या मे महिन्यात दंगल पेटली तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. महिनाभर कारखान्याचं दार उघडलं नाही. माग चालवणारे उत्तर प्रदेशातले मोमीन, सायझिंगकडे, म्हणजे सुताला खळ लावायला, तेलुगू पद्मशाली, टेम्पोवाला आगरी. एकाचा हात थांबला की बाकीच्यांची मजुरी बुडायची. त्याआधी १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीत पेटलेलं गाव मी शाळकरी वयात पाहिलं होतं. मादन आयोगाने त्याची चौकशी केली.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी दंगल टाळण्यासाठी हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांच्या मोहल्ला कमिट्या बांधायला घेतल्या. त्यांनी पुढारी बाजूला ठेवले आणि गल्लीतली साधी माणसं बोलावली. मीही गेलो. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली. तेव्हापासून मी हे काम सोडलेलं नाही. हिंदू आणि इस्लाम यांत फरक काय, असं तरुण पोरं विचारतात. त्यांना मी तत्त्वज्ञान नंतर सांगतो, आधी मिरवणुकीचा रस्ता दाखवतो. ज्या गावात गणपतीचं मंडळ मशिदीवरून जातं तिथल्या माणसांसाठी हे लिहितो आहे.

आधी कॅलेंडर

जानेवारीतच दोन्हीकडचे सण एका कागदावर मांडा. मुस्लिमांचं हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. त्यात अधिक महिना नाही, म्हणून त्यांचे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. आपले हिंदूंचे महिनेही चंद्राचेच, पण दर अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास धरून आपण पंचांग ऋतूंशी जुळवून घेतो. त्यांचा महिना अमावास्येनंतरची कोर दिसली की सुरू होतो. त्यामुळे बकरी ईद आणि मोहरमची दहावी तारीख आपल्या शुद्ध एकादशीच्या आगेमागे पडते, ईद-ए-मिलादची बारावी द्वादशी ते चतुर्दशीच्या दरम्यान. महिने जुळले की सण एकमेकांवर येणारच, त्यात कुणाचा डाव नसतो. बैठकीत हे मी पंचांग उघडून दाखवतो आणि निम्मा संशय तिथेच गळतो.

२०२३ मध्ये २९ जूनला आषाढी आणि बकरी ईद एकत्र आली, २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि मिलाद. कितीतरी गावांत मुस्लिमांनी आषाढीला कुर्बानी केली नाही, दुसऱ्या दिवशी केली. मुंबईत खिलाफत कमिटीने मिलादचा जुलूस, म्हणजे त्यांची मिरवणूक, २९ ला नेला. हे जमतं, कारण कुर्बानी दहावी, अकरावी, बारावी अशी तीन दिवस करता येते आणि जुलूस हा नमाजासारखा फर्ज, म्हणजे सक्तीचं धर्मकर्तव्य, नाही. विसर्जनाला मात्र तिथी आहे. कोणती गोष्ट सरकू शकते आणि कोणती नाही, हे एकमेकांना माहीत असलं तरच विनंती करता येते. नाहीतर ती मागणी वाटते आणि माणूस अडून बसतो.

आवाजाचं मूळ

मशिदीसमोर वाजवण्यावरून १८९४ मध्ये पुण्यात मारामारी झाली होती. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आपण त्याच जागी अडकलो आहोत. म्हणून हे नीट समजून घ्या.

आपल्याकडे नाद हाच पूजेचा भाग. घंटा, शंख, टाळ, ढोल, सगळं देवापर्यंत पोचवणारं. मुस्लिमांच्या सामूहिक नमाजात वाद्य नाही. इमाम म्हणतो ते मागच्या ओळींनी ऐकायचं असतं. आणि दिवसाच्या पाचही नमाजांत हे सारखं नाही. दुपारची जोहर आणि तिसऱ्या प्रहरची असर यांत इमाम मनातल्या मनात म्हणतो. पहाटेची फजर, सूर्यास्तानंतरची मगरिब, रात्रीची इशा आणि शुक्रवारचा जुमा यांत मोठ्याने. आता आपल्या मिरवणुकीची वेळ आठवा. अनंत चतुर्दशीला सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. नेमकं त्याच वेळी ढोल रंगात असतो आणि आत शेवटच्या ओळीला इमाम ऐकू येत नाही. त्यांना ती मुद्दाम केलेली छेड वाटते. बाहेर नाचणाऱ्या पोराला आत काय चाललंय याचा पत्ताच नसतो. मला स्वतःला वयाची तिशी ओलांडेपर्यंत नव्हता.

तेव्हा मंडळाच्या मार्गावर जेवढ्या मशिदी आहेत, त्या प्रत्येकीत स्वतः जाऊन जमातीच्या, म्हणजे सामूहिक नमाजाच्या, वेळा लिहून आणा. इशाची वेळ प्रत्येक मशिदीची वेगळी असते, अंदाजाने लिहू नका. मगरिबचा फर्ज तीन रकातींचा, म्हणजे तीन आवर्तनांचा, सात-आठ मिनिटांत होतो. तेवढा वेळ पथक पन्नास पावलं मागे थांबवा. पाणी वाटा, पोरांनाही दम हवाच असतो. वाजंत्री बंद करून घाईघाईने पुढे रेटण्यापेक्षा थांबणं बरं. बंद करायला लावलं की पोरांच्या मनात सल राहतो, थांबून पुन्हा वाजवलं की राहत नाही.

हाच नियम उलट बाजूनेही हवा. मिलादचा जुलूस आरतीच्या वेळी मंडपासमोर आला तर डीजे त्यांनीही थांबवायचा. एका वर्षी तसं झालं नाही. मी मशिदीच्या ट्रस्टींकडे गेलो आणि म्हणालो, “चाचा, तुमच्यासाठी आम्ही आठ मिनिटं थांबतो, आमच्या आरतीला पाच तरी द्या.” दुसऱ्या वर्षी ते स्वतः मंडपापाशी उभे होते. लाऊडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, वर्षातल्या ठरावीक दिवशीच बारापर्यंत सवलत मिळते. हा कायदा दोघांना सारखा आहे, तोही कागदावर लिहा.

गुलाल, प्रसाद, घोषणा

मशिदीच्या आधीच्या चौकात गुलालाची पोती ट्रॅक्टरवर बांधून टाका. ‘उधळू नका’ एवढं सांगून भागत नाही. वजू करून, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन, नमाजाला निघालेल्या माणसाच्या पांढऱ्या कपड्यांवर मूठभर गुलाल पडला तर पुढचं तुम्हाला सांगायला नको.

प्रसाद घेतला नाही म्हणून रागावू नका. इस्लाममध्ये ईश्वर एकच, त्याला रूप नाही, त्यामुळे मूर्तीला दाखवलेला नैवेद्य काहींना चालत नाही. काही जण आनंदाने घेतात. आम्ही नैवेद्याच्या आधीच थोडी केळी वेगळी काढून ठेवतो. आपणही कित्येक जण त्यांच्या ताटातलं मटण खात नाही, तो काही अपमान नसतो. तसंच ‘मोरया म्हणून दाखव’ असा आग्रह कुणालाही करायचा नाही.

मुस्लिम कार्यकर्त्यांनाही एक गोष्ट समजावून सांगावी लागते. मूर्ती मातीची, पण प्राणप्रतिष्ठा झाली की आमच्यासाठी तो घरात आलेला देव असतो. विसर्जनाला निघालेल्या मूर्तीवर साधा खडा आला तरी तो आईला लागल्यासारखा लागतो. हे ऐकल्यावर आमच्या गल्लीतली मोमीन पोरं दरवर्षी मशिदीच्या गच्चीवर स्वतः उभी राहतात, वर कुणी अनोळखी चढू नये म्हणून.

वाद घालायचा असेल तर

घाला, पण बैठकीत नको. एकनाथांच्या हिंदू-तुर्क संवादात दोघे एकमेकांच्या धर्माची पुरती चिरफाड करतात आणि शेवटी गळाभेट घेतात. चारशे वर्षांपूर्वी आपल्याच भाषेत हे झालेलं आहे. तुलना करताना एक पथ्य पाळा: ग्रंथाशी ग्रंथ, माणसाशी माणूस. आपली गीता एका पारड्यात आणि त्यांचा गल्लीतला गुंड दुसऱ्या पारड्यात, असं तोलायचं नाही. त्यांनीही कुराण एका बाजूला आणि आमच्या जातीचे अत्याचार दुसऱ्या बाजूला, असं करू नये.

प्रत्यक्ष दिवशी

मोबाइलवर फोटो आला की आधी त्या जागी माणूस पाठवा. आमच्याकडे प्रत्येक गल्लीतले एक हिंदू आणि एक मुस्लिम अशी जोडी असते, दोघांचे नंबर बीट अंमलदाराकडे, म्हणजे त्या भागाच्या पोलिसाकडे. दोघांनी मिळून पाहिलं आणि दोघांनी मिळून फोन केला तरच बातमी खरी धरायची.

आणि खरंच कुणाला मारलं, दुकान फोडलं, मुलीची छेड काढली, तर कमिटीने ते मिटवायला बसू नये. ही चूक आम्ही केली आहे. शांततेच्या नावाखाली एका फेरीवाल्याला आम्ही तक्रार मागे घ्यायला लावली. तो गाव सोडून गेला आणि मारणारे पुढच्या वर्षी जास्त माजले. गुन्हा दाखल करायला लावा, फिर्यादीसोबत दोन्ही समाजांची माणसं पोलीस ठाण्यात जाऊ द्या, साक्षीला उभी राहू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू घेऊन मशिदीसमोरचा रस्ता मंडळाने धुवायचा. तेव्हाच वही काढून लिहायचं: कोणतं मंडळ किती वाजता कुठे थांबलं, कुणी ऐकलं नाही, कुठली गल्ली अंधारी होती. माझ्याकडे अशा अकरा वह्या आहेत. नवीन पीआय (पोलीस निरीक्षक) साहेब बदलून आले की पहिल्या आठवड्यात मी त्या घेऊन ठाण्यात जातो.