मुंबई ते न्यूयॉर्क: प्रवासाचे तास नीट मोजा

मुंबई ते न्यूयॉर्क हे सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमान जाताना साधारण १६ तास घेतं, परतताना तास-दीड तास कमी, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. दुबईवरून आलात तरी अंतर जेमतेम चारशे-पाचशे किलोमीटरनं वाढतं. वेळ खातो तो मधला थांबा.

न्यूयॉर्कला उतरलो की अमेरिका आली, असं समजू नका. सॅन फ्रान्सिस्को तिथून आणखी ४,१०० किलोमीटर, म्हणजे सहा तास. तिकडे नोकरी किंवा कॉलेज असेल तर न्यूयॉर्कच्या वाटेला जाऊच नका. दुबईहून थेट सॅन फ्रान्सिस्को धरलंत तर एकूण दीडेक हजार किलोमीटर वाचतात.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. इथं अमेरिकेतली जुनी मंडळी हौसेनं सांगतात, "न्यूयॉर्कपर्यंतचं वेगळं काढ, पुढचं वेगळं काढ, शंभर डॉलर वाचतील." ऐकू नका. संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर हवा. पहिलं विमान उशिरा आलं तर एका तिकिटावर पुढची सोय करणं एअरलाइनची जबाबदारी असते. दोन तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत: तिकीट बुडालं, त्यावर परतीचा प्रवास असेल तर बहुधा तोही रद्द, आणि नवं तिकीट त्या दिवशीच्या भावानं.

उशीर व्हायला विमानच लागतं असं नाही. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन. मग पट्ट्यावरून बॅगा घ्यायच्या (टॅगवर शेवटचं शहर लिहिलेलं असलं तरी), कस्टम्समधून जायचं, बॅगा पुन्हा जमा करायच्या, आणि परत सिक्युरिटी. एका तिकिटावरही मध्ये तीन तास हवेत. ड्यूटी फ्रीची बाटली किंवा हातातल्या पिशवीतलं तूप बॅगा पुन्हा जमा करण्याआधीच त्यात टाका. सिक्युरिटीत १०० मिलिलिटरच्या वरचं काढून घेतात. अबू धाबीवरून येणाऱ्या विमानांचं अमेरिकन इमिग्रेशन तिथेच उरकतं, म्हणून मोठा थांबा तिथे ठेवा.

विमानतळाचे कोडही वाचा. जेएफके म्हणजे न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ आणि ईडब्ल्यूआर म्हणजे शेजारचा नुअर्क, या दोघांच्या मध्ये अख्खं शहर आहे. गर्दीत दोन तास सहज जातात.

तारखेचा घोळ दरवर्षी कुणाचा तरी होतोच. "शुक्रवार, रात्री १.३०" म्हणजे गुरुवारी संध्याकाळी घर सोडायचं. पुण्याहून येणाऱ्यांनी गुरुवारी चार-पाचलाच निघावं. पावसाळ्यात घाटात अडकलात तर मुंबईच्या सहार विमानतळावर पोचायला पाच तासही लागतात. तिकिटावरच्या सगळ्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. भारत न्यूयॉर्कच्या पुढे, मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तास, एरवी साडेदहा. म्हणून दीडचं थेट विमान उन्हाळ्यात त्याच शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास उतरतं. परतताना उलट: शुक्रवारी दुपारी बाराला निघालात तर मुंबईत शनिवारची दुपार. घ्यायला येणाऱ्यांना निघण्याची नाही, उतरण्याची तारीख कळवा.